नाईकरे आणि आट्याचा डबा

अरविंद नाईकरे यांच्या शोकसभेत जोगळेकरांनी सांगितलेली हकिगत चुकीची आहे. मारुंजीच्या त्या सोसायटीच्या सभागृहात ती ऐकून माणसे हसली, त्यांच्या पत्नी मालतीवहिनींनीही पदर तोंडाशी नेला, आणि दुःखाचा भार आपण हलका केला अशा समाधानाने जोगळेकर खाली बसले. हकिगत गोड असली म्हणून ती खरी ठरत नाही. पाटसकरांचे चिरंजीव दुसरी एक हकिगत सांगत असतात. ती कडू आहे, आणि तीही खरी नाही. ज्या टेलिफोनवरून हे सारे घडले तो टेलिफोन झाला तेव्हा नाईकऱ्यांच्या शेजारी मी बसलो होतो, जोगळेकर नव्हते. त्या संध्याकाळी डोंगरावर आम्ही चौघे होतो, चिरंजीव पुण्यात होते. तेव्हा बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

चाकणच्या ज्या कारखान्यात आम्ही चौघांनी उमेदीची वर्षे घालवली, तेथे नाईकरे खरेदी विभागाचे प्रमुख होते आणि मी गुणवत्ता विभागाचा. ज्यांनी कारखाना आतून पाहिला आहे त्यांना एवढ्यावरून आमचे नाते कळेल. त्यांनी माल आणायचा आणि मी तो परत पाठवायचा. पाटसकर उत्पादन पाहत, म्हणजे आमच्या दोघांच्या भांडणात ज्याची मशीन थांबते ते. जोगळेकर हिशेबखात्यात होते. त्यांना कोणत्याच भांडणाची झळ लागत नसे, म्हणून त्यांना सगळ्या भांडणांच्या गोष्टी सांगता येत.

नाईकरे खेड तालुक्यातले. घरची शेती कारखान्यांच्या शेडखाली गेलेली. ऑफिसात त्यांचे मराठी इस्त्री केलेले असे, त्यांच्या सदऱ्यासारखेच. राग आला किंवा मन भरून आले की मात्र इस्त्री मोडत असे आणि आतून ‘व्हय’, ‘न्हाई’ बाहेर पडत असे. उंची बेताची, केस शेवटपर्यंत रंगवलेले, आणि तपकिरीचे व्यसन. त्या तपकिरीने त्यांचे नाक निकामी केले होते, ही बाब पुढे महत्त्वाची आहे.

त्यांचे एक वाक्य कारखान्यात म्हणीसारखे झाले होते : “आपला माणूस आहे तिथे.” लुधियाना म्हणा, राजकोट म्हणा, कोइमतूर म्हणा, नाईकऱ्यांचा माणूस तिथे असायचाच. त्या माणसाला त्यांनी बहुधा पाहिलेले नसे. टेलिफोनवर दोन वेळा बोलणे झाले की तो ‘आपला’ होई. तिसऱ्या वेळी ते त्याच्या मुलीच्या दहावीच्या निकालाची चौकशी करीत. मी एकदा चिडून म्हणालो, “नाईकरे, तुमच्या माणसाने पाठवलेल्या मालात निम्मे बोल्ट नटात जात नाहीत.” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, माणूस चांगला आहे. बोल्टचं बघू.”

याच नाईकऱ्यांचा एक उलटा नियमही होता, आणि जोगळेकर तो सोयीस्करपणे विसरतात. “दुकानदाराचं ‘आहे’ म्हणजे ‘येईल’. माल हातात आला की आला म्हणायचा.” माणसावर विश्वास आणि मालावर अविश्वास, अशी त्यांची विभागणी होती. मला ती कधी पटली नाही. परंतु ती होती, आणि ते तिला जागत.

निवृत्तीच्या आसपास आम्हा चौघांना डोंगराचे वेड लागले. सह्याद्रीत गुडघे तपासून झाल्यावर पाटसकरांनी हिमालय काढला. पाटसकर हे आमच्यातले खरे चालणारे. थेरगावच्या त्यांच्या घरातून पहाटे निघून ते देहूपर्यंत चालत जात आणि दुपारच्या जेवणाला परत येत. तंबूची जबाबदारी त्यांच्याकडे, शिध्याची जोगळेकरांकडे, औषधांची माझ्याकडे, आणि स्टोव्ह व इंधन अर्थातच खरेदी विभागाकडे.

ज्यांनी विमानाने जाऊन तंबूत स्वयंपाक केलेला नाही त्यांना यातली अडचण उमगणार नाही. स्टोव्ह विमानात नेता येतो, इंधन नेता येत नाही. सामानात नाही आणि हातातही नाही. गॅसचा डबा, रॉकेल, स्पिरिट, सगळे वर्ज्य. शिवाय स्टोव्हला इंधनाचा वास जरी आला तरी तपासणीवाला तो काढून घेऊ शकतो. म्हणजे चूल येथून न्यायची आणि सरपण तेथे उतरल्यावर शोधायचे. इतरांना ही कटकट वाटते. नाईकऱ्यांना त्यात आयुष्याचे सार्थक वाटे.

निघण्यापूर्वी ते स्टोव्हचा भाग न् भाग सुटा करून साबणाने धूत आणि गच्चीवर उन्हात मांडीत. नंतर परीक्षा. स्वतःचे नाक तपकिरीने गेलेले, त्यामुळे ते इतरांची नाके गोळा करीत. मालतीवहिनी, वॉचमन, वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू. “जरा बघा हो, वास येतोय का?” जोशीकाकू एकदा म्हणाल्या, “येतोय की. तपकिरीचा.” झाले, स्टोव्ह पुन्हा साबणात.

पुण्याच्या विमानतळावर त्यांनी जे केले ते मी स्वतः पाहिले आहे. तपासणीच्या रांगेत कोणी विचारण्याआधीच त्यांनी पिशवी उघडली, स्टोव्ह दोन्ही हातांनी वर धरला आणि त्या गणवेशातल्या तरुणाच्या नाकासमोर नेला. “घ्या. वास घ्या.” तो बिचारा मागे सरकला. “नको काका, ठेवा आत.” “असं कसं? घ्या ना. मग वर काही शंका नको.” मागची रांग खोळंबली. त्या तरुणाने अखेर वास घेतला, आणि नाईकऱ्यांच्या चेहऱ्यावर, माझ्या खात्याने माल मंजूर केल्यावर कधीमधी दिसे तसे तेज पसरले.

लेहला उतरलो तेव्हा सगळे हॉटेलात पडून होते, कारण त्या उंचीवर पहिल्या दिवशी पडूनच राहायचे असते. नाईकरे दिसेनात. ते सापडले ते एका गेस्ट हाउसच्या अंगणात, पाण्याने भरलेल्या बादलीपुढे उकिडवे बसलेले. परतीच्या विमानाने जाणाऱ्यांना उरलेले गॅसचे डबे नेता येत नाहीत, हे त्यांनी ताडले होते. अशा पाच-सहा जणांकडून त्यांनी अर्धेमुर्धे डबे मिळवले होते आणि एकेक पाण्यात सोडून पाहत होते. जो खोल बसतो त्यात गॅस जास्त. जो फार वर तरंगतो तो रिकामा. मी अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणालो, “ही काय तपासणीची पद्धत झाली?” ते मान न वळवता म्हणाले, “साहेब, इथे तुमचं खातं नाही.” त्या सफरीत एकदाही चहा थांबला नाही. परतताना उरलेला डबा त्यांनी त्याच अंगणात ठेवला. मी विचारले, कोणासाठी? म्हणाले, “येईल कोणी तरी आपला माणूस.”

आता मुद्द्यावर येतो.

बोल्टवर ज्या गोल खाचा असतात त्यांना मराठीत आटे म्हणतात. नाईकरे वाणिज्य शाखेचे पदवीधर. तांत्रिक शब्द त्यांनी उत्तरेकडच्या पुरवठादारांकडून उचललेले, म्हणून ते आट्यांना ‘चुडी’ म्हणत. मला ते खपत नसे. माझ्या टेबलासमोर उभे राहून ते म्हणायचे, “चुडीत थोडा फरक आहे, चालवून घ्या,” आणि मी म्हणायचो, “चुडी कासाराकडे मिळते. येथे आटे म्हणायचे. मराठी माणसाला मराठी शब्द येत नसेल तर त्याने माझ्याकडे माल आणू नये.” शिकाऊ पोरांसमोरही म्हणायचो. वर्षानुवर्षे म्हटले. अखेर तो शब्द त्यांच्या तोंडी बसला. मी त्यांना दिलेला शब्द योग्य होता. आजही माझे तेच म्हणणे आहे.

गढवालात जाण्याचे ठरले तेव्हा नाईकऱ्यांनी तेथल्या एका दुकानदाराचा शोध लावला. डोंगराच्या पायथ्याच्या गावात त्याचे किराणा आणि गिर्यारोहणाच्या सामानाचे एकत्रच दुकान होते. आमचा स्टोव्ह ज्या छोट्या गॅसच्या डब्यावर बसतो, त्याच्या तोंडाला आटे असतात. डबा फिरवून स्टोव्हला बसवायचा. बिनआट्याचे लांबोडके डबेही मिळतात, ते आमच्या कामाचे नव्हते. नुसते ‘गॅस’ म्हटले की लोक घरचा सिलिंडर समजतात, हे नाईकऱ्यांनी मागच्या सफरीत अनुभवले होते. म्हणून ते तो शब्द टाळत.

टेलिफोन त्यांच्या घरच्या गॅलरीतून झाला. आवाज तुटत होता. नाईकरे मोठ्याने बोलत होते. “भाईसाब, स्टोव हमारा है. हम हवाई जहाज से आ रहे हैं, तो डिब्बा साथ में नहीं ला सकते. छोटा डिब्बा, चार नग. वो चू...” येथे ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हसले, आणि वाक्य दुरुस्त केले. “वो आटेवाला.”

पलीकडून उत्तर आले, ते मलाही ऐकू आले. “आटे वाला? है साहब, बिलकुल है. छोटे में रख देंगे.”

टेलिफोन ठेवून ते म्हणाले, “बघा साहेब. आटे म्हणालो.” मी म्हणालो, “उशिरा का होईना.”

दिल्लीला विमान रखडले. डेहराडूनहून जीप त्या गावात पोचली तेव्हा दुकान दुपारीच बंद झाले होते. दुकानदार भला माणूस. आमचा खोळंबा होऊ नये म्हणून त्याने खोके बांधून खेचरवाल्याबरोबर आधीच वर पाठवले होते, आणि तसा निरोप जीपवाल्याकडे ठेवला होता. नाईकरे अस्वस्थ झाले. “हातात आल्याशिवाय मला चैन पडत नाही,” असे ते दोनदा म्हणाले. पाटसकर म्हणाले, “अहो, तुमचाच माणूस ना तो? चला आता, उजेड आहे तोवर चढू.” आम्ही चढलो. वर झाडी संपते आणि गवताचे मोठे उतार सुरू होतात. तेथे तंबू लावायचे होते. खेचरवाला खोके ठेवून परत गेला होता.

खोके नाईकऱ्यांनी उघडले. आत पत्र्याचे चार सुबक डबे होते, आणि चारही डब्यांत गव्हाचे पीठ.

जोगळेकर सांगतात की नाईकरे म्हणाले, “अरे, आटा आला, गॅस कुठाय?” आणि सगळे हसत सुटले. साफ खोटे. कोणी हसले नाही. नाईकऱ्यांनी झाकण लावले, पुन्हा उघडले, पिठात बोटे घातली. मग माझ्याकडे पाहिले. एकदाच. आभाळ भरून आले होते, वारा कापत होता, लाकडे पेटवायला तेथे बंदी होती आणि लाकडे होतीच कोठे? चहा नाही, ऊन पाणी नाही. जोगळेकरांना थंडी वाजू लागली होती. त्यांनी चिवड्याची पिशवी काढली. त्यांच्या हकिगतीत हा चिवडा नसतो.

नाईकरे म्हणाले, “मी खाली जाऊन येतो. मेंढपाळांच्या झोपड्या दिसल्या होत्या, रॉकेल तरी असंल.” भाषेची इस्त्री मोडली होती. पाटसकरांनी अडवले, मीही अडवले. ते गेले. स्वेटर तंबूत राहिला.

चिरंजीव म्हणतात की नाईकऱ्यांनी त्यांच्या वडिलांना लाकडे आणायला पिटाळले. नाही. पाटसकर स्वतःहून गेले, नाईकऱ्यांचा स्वेटर घेऊन. “हा माणूस गारठून मरेल,” एवढेच बोलून ते उतरू लागले. आमच्यातले सर्वांत पक्क्या पायाचे तेच. ओल्या गवतावरून घसरले आणि खालच्या दगडांवर कमरेवर आदळले. नाईकऱ्यांनी त्यांची हाक ऐकली. आम्ही पोचलो तेव्हा नाईकरे त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले होते, आणि पाटसकर दात चावीत म्हणत होते, “आधी स्वेटर घाला, मग रडा.”

खुब्याचे हाड मोडले होते. खेचरावरून खाली, जीपने डेहराडून, चाकाच्या खुर्चीतून विमानात. पट्टी आणि खिळे बसले. पाटसकर चालू लागले, पण एक पाय ओढत. देहूपर्यंत चालणे संपले.

त्यानंतर नाईकऱ्यांनी स्टोव्हला हात लावला नाही. आम्ही पुन्हा कोठे जायचे म्हटले की ते म्हणत, “तुम्ही जा. माझा तिथे कोणी माणूस नाही.” पाटसकरांच्या घरी ते रोज जात, डॉक्टरकडे नेत, व्यायाम करवून घेत. पाटसकर त्यांना काही बोलले असतील असे मला वाटत नाही. बोलून दाखवणारा तो माणूसच नव्हे. परंतु नाईकरे वाकले ते वाकलेच. रस्ता ओलांडताना, लिफ्टमध्ये शिरताना, चहा घेतानासुद्धा, आधी दुसऱ्याची परवानगी मागितल्यासारखे वागू लागले.

मला हे सहन होईना. जोगळेकर प्रत्येक लग्नात, प्रत्येक निवृत्तीसमारंभात ‘आट्याची गोष्ट’ सांगत, आणि मी प्रत्येक ठिकाणी उभा राहून ती खोडून काढीत असे. दुकानदाराने विचारायला हवे होते की नको? विमान वेळेवर असते तर दुकान उघडे मिळाले असते की नाही? खेचरवाल्याने खोके वर नेऊन टाकले, त्यात नाईकऱ्यांचा काय दोष? एकही मुद्दा कोणाला खोडता आला नाही. शब्दाचा मुद्दा मी कधी काढला नाही. तो माझ्या युक्तिवादात बसत नव्हता. लोक नाईकऱ्यांच्या हिंदीला हसत, आणि तो शब्द त्यांना कोणी शिकवला हे नाईकऱ्यांनी कधी सांगितले नाही. मी शेजारीच असे.

थेरगावच्या एका कार्यालयात जोगळेकरांच्या मुलीचे लग्न होते. पंगतीत त्यांनी पुन्हा ती गोष्ट काढली. व्याही हसू लागले. मी हातातली वाटी खाली ठेवून उभा राहिलो. माझा आवाज मोठा आहे. माझ्या शेजारी नाईकरे होते, समोरच्या पंगतीत पाटसकर. मी म्हणालो, “पाटसकर, तुम्ही येथे आहात, तुम्हीच सांगून टाका. चूक नाईकऱ्यांची होती का?”

पाटसकरांनी ताटातल्या जिलबीकडे पाहिले. त्यांच्या चिरंजीवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पाटसकर म्हणाले, “जेवा हो. गार होतंय.”

नाईकरे पानावरून उठले. मी त्यांच्यामागे वाहनतळापर्यंत गेलो. ते स्कूटरला किल्ली लावत होते, ती लागत नव्हती.

मी म्हणालो, “तुमच्या बाजूने बोललो मी.”

“व्हय साहेब. कायम बोलता.”

“मग?”

“जोग्या सांगतो, लोक हसत्यात, अन् इसरत्यात. तुम्ही उभे ऱ्हायले की सगळ्यांना पहिल्यापासनं आठवतं. पाटसकरला बी आठवतं. त्याचा पाय दुखायला लागतो, मला दिसतं.” किल्ली लागली. “माझी वकिली सोडा आता. म्या कधी मागितली न्हाई.”

मी मागे फिरलो. माझ्या हेतूविषयी कोणी शंका घेतली की मी बोलत नाही, हा माझा स्वभाव आहे. पुढे ते मुलाकडे मारुंजीला राहायला गेले. त्यांनी दिवाळीला टेलिफोन केला होता. मी तो उचलला नाही. त्यांनी पुन्हा केला नाही.

शोकसभेत पाटसकरांचे चिरंजीव म्हणाले की नाईकरेकाका शेवटपर्यंत त्या प्रसंगाने खंगले. मी त्याचेही खंडन करतो. त्यांचे हृदय झोपेत थांबले, आणि त्याच्या काही आठवडे आधी मी त्यांना पाहिले होते.

डांगे चौकाजवळच्या मंडईत मी औषधे घ्यायला गेलो होतो. रस्त्याच्या पलीकडे नाईकरे आणि पाटसकर चालत होते. भाजीच्या दोन्ही पिशव्या नाईकऱ्यांच्या हातात. पाटसकर पाय ओढत होते, आणि नाईकरेही आपले पाऊल तेवढेच आखूड टाकत होते, इतक्या सरावाने की लांबून दोघेही लंगडतात असे वाटावे. पाटसकर काही तरी सांगत होते. नाईकरे हसले. पिशव्या हातात असल्याने तोंड झाकता येईना, म्हणून मान मागे टाकून, दात दाखवून हसले. तसे हसताना मी त्यांना त्या डोंगरानंतर पाहिले नव्हते. मला वाटले, हे आज पहिल्यांदाच हसत आहेत. मग पाटसकरांनी ज्या सवयीने त्यांच्या पाठीवर थाप मारली, त्यावरून कळले की हे रोजचे आहे.

हाक मारायला मी हात वर केला. नाईकऱ्यांची नजर माझ्यावर पडली. हसू थांबले. खांदे आत गेले, मान खाली झाली, चेहरा ऐकून घेण्यासाठी तयार झाला. पाटसकरांनी विचारले असावे, कोण आहे? नाईकऱ्यांनी त्यांना काही सांगितले नाही. पिशव्या सावरत त्यांनी मला जमेल तसा नमस्कार केला, आणि मी रस्ता ओलांडतो का ते पाहत उभे राहिले.

वाहने थांबली होती. ओलांडता आला असता. मी वळलो आणि औषधाच्या दुकानात पुन्हा शिरलो. दुकानदाराने विचारले, “काका, काही राहिलं का?” मी काचेतून बाहेर पाहत राहिलो. ते दोघे हळूहळू फुलवाल्यांच्या रांगेपर्यंत गेले. तेथे नाईकऱ्यांनी एकदा मागे वळून पाहिले, मी रस्त्यावर नाही याची खात्री करून घेतली, आणि पाटसकरांकडे झुकून म्हणाले असावेत, हां, मग पुढे काय झालं?